काळ्या मातीचे स्थिरीकरण : मिश्रकांवरील संशोधनाची एक चिकित्सा

गोषवारा

दख्खनच्या पठारावरील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. तिच्यावरील रस्ते, कालवे व हलक्या वजनाच्या इमारती यांचे यामुळे मोठे नुकसान होते. चुना, सिमेंट, औष्णिक विद्युत केंद्रांतील उडती राख, बगॅसची राख अशी मिश्रके घालून या मातीचे स्थिरीकरण करण्याविषयी भारतात विपुल संशोधन झाले आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनाच्या पद्धतीची आणि निष्कर्षांची चिकित्सा केली आहे. मिश्रके निरुपयोगी आहेत असे या लेखाचे म्हणणे नाही. मात्र त्यांचे यश ज्या कसोट्यांवर जोखले जाते, त्या कसोट्या काळ्या मातीच्या ऋतुनिष्ठ स्वभावाशी जुळत नाहीत, अशी या लेखाची मांडणी आहे.

बीजशब्द : काळी माती, माँटमोरिलोनाइट, चुना, उडती राख, वाफसा, ऋतुचक्र, एट्रिंगाइट.

१. प्रस्तावना

मराठी ग्रामव्यवहारात जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग फार पूर्वीपासून मानले गेले. काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मोल्सवर्थच्या कोशातही हे शब्द याच अर्थाने नोंदलेले आहेत. या विभागणीत महसुली सोय होती, तसाच मातीविषयीचा अनुभवही साठलेला होता. जी माती कापूस, तूर व ज्वारी पोसते ती भिंत धरत नाही, हे शेतकऱ्याला प्रयोगशाळेविना माहीत होते. म्हणून शक्य तेथे वस्ती उंचवट्यावर, पांढरीवर वसली. अर्थात हे सर्वांच्याच वाट्याला आले नाही. गावकुसाबाहेर राहावे लागलेल्यांना जागा निवडण्याचा अधिकार नव्हता, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

विसाव्या शतकात ही विभागणी टिकणे शक्य नव्हते. लोकसंख्या वाढली, गावठाणे अपुरी पडली, धरणांमुळे गावे नव्या जागी वसवावी लागली. रस्ते व कालवे तर काळीतूनच न्यावे लागतात. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेमुळे विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील असंख्य लहान गावांचे रस्ते काळ्या मातीवरून गेले. वस्ती आणि वाहतूक काळीवर आल्यावर काळीलाच पांढरीचे गुण देता येतील काय, हा प्रश्न अपरिहार्यपणे पुढे आला. मिश्रकांचे शास्त्र हे या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर होय.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(अ) काळ्या मातीच्या स्वभावाच्या संदर्भात मिश्रकांच्या कार्यपद्धतीचा परामर्श घेणे.
(आ) या विषयावरील संशोधनाच्या रूढ मांडणीतील उणिवा दाखविणे.
(इ) प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि क्षेत्रावरील वास्तव यांतील अंतराचा विचार करणे.
(ई) मिश्रकांच्या मूल्यमापनासाठी अधिक योग्य कसोट्या सुचविणे.

२. मातीचा स्वभाव

दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या विदारणातून तयार झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट या चिकण खनिजाचे प्रमाण मोठे असते. या खनिजाची रचना थरांची आहे. सिलिकाच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनाचा एक पत्रा असा एक थर असतो आणि असे थर एकावर एक रचलेले असतात. दोन थरांमधील बंध दुर्बल असल्याने त्यांमध्ये पाणी सहज शिरते. थरांवरील ऋण विद्युतभार संतुलित करण्यासाठी सोडियम, कॅल्शियम यांसारखे धनायन तेथे असतात व ते पाणी ओढून घेतात. कॅल्शियमपेक्षा सोडियम अधिक असलेली माती जास्त फुगते. माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे ८०० चौरस मीटर भरते. केओलिनाइट या दुसऱ्या चिकण खनिजात ते १० ते २० चौरस मीटर असते. या एका तुलनेवरून काळ्या मातीचे पाण्याशी असलेले नाते स्पष्ट होते.

येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. नुसते ओले असणे किंवा नुसते कोरडे असणे इमारतीला फारसे घातक नसते. वर्षभर सारखीच ओल राखणारी काळी माती बरीचशी स्थिर असते. नुकसान होते ते ओल बदलल्यामुळे, आणि त्याहीपेक्षा ती विषम बदलल्यामुळे. घराच्या मध्यभागी जमिनीखाली ओल टिकून राहते, तर कडेची माती वैशाखात आकसते व आषाढात फुगते. रस्त्याच्या मध्यभागी ओल स्थिर असते, मात्र बाजूपट्ट्यांखाली ती ऋतूप्रमाणे बदलते. म्हणून भिंतींच्या कोपऱ्यांत तिरप्या भेगा पडतात आणि रस्त्याच्या कडांना लांबच लांब चिरा जातात. काळ्या मातीचा प्रश्न बळाइतकाच ऋतूचा प्रश्न आहे, असे म्हणता येईल. पुढील चिकित्सेचा हाच आधार आहे.

या नुकसानीचा आवाका मोठा आहे. अमेरिकेत जोन्स व होल्ट्झ यांनी १९७३ साली केलेल्या अंदाजानुसार प्रसरणशील मातीमुळे त्या देशात दरवर्षी सुमारे २.३ अब्ज डॉलरचे नुकसान होत होते. पूर, चक्रीवादळे, भूकंप यांच्या एकत्रित नुकसानीपेक्षाही हा आकडा मोठा होता. त्यांनी या संकटाला ‘छुपी आपत्ती’ म्हटले. भूकंपात घर एका क्षणात पडते आणि त्याची नोंद होते. काळ्या मातीवरील घर मात्र वर्षानुवर्षे थोडेथोडे तडकते आणि त्याचा खर्च घरमालक निमूटपणे सोसतो.

३. चुन्याची परंपरा आणि तिचे सामर्थ्य

सर्व मिश्रकांत चुन्याचा अभ्यास सर्वांत सखोल झाला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत, विशेषतः टेक्सास राज्यात, रस्त्यांसाठी चुन्याचा वापर पद्धतशीर रीतीने वाढला. चुना मातीत मिसळल्यावर दोन प्रकारच्या क्रिया घडतात. पहिली क्रिया शीघ्र होते. चुन्यातील कॅल्शियम थरांमधील सोडियमची जागा घेतो, मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात, चिकटपणा घटतो व माती भुसभुशीत होते. दुसरी क्रिया मंद असते. मिश्रणाचा पीएच १२.४ च्या आसपास गेल्यावर चिकणमातीतील सिलिका व ॲल्युमिना विरघळू लागतात आणि चुन्याशी संयोग पावून सिमेंटसारखे बंधक पदार्थ निर्माण होतात. ही क्रिया आठवडे, महिने, प्रसंगी वर्षे चालते.

ईड्स आणि ग्रिम यांनी १९६६ साली सुचविलेली पीएच चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. ज्या किमान प्रमाणात चुना घातल्यावर मिश्रणाचा पीएच १२.४ पर्यंत पोहोचतो, ते प्रमाण त्या मातीची प्राथमिक गरज दर्शविते. या चाचणीचे महत्त्व असे की, ती टक्केवारीमागील कारण विचारते. मातीची भूक किती आहे हे प्रथम पाहावे आणि मग प्रमाण ठरवावे, ही तिची भूमिका शास्त्रशुद्ध आहे.

चुन्याच्या बाजूने आर्थिक युक्तिवादही भक्कम आहे. एक किलोमीटर लांब, ७.५ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर जाड थराचे उदाहरण घेऊ. त्याचे घनफळ २,२५० घनमीटर होते. कोरडी घनता घनमीटरला १.५ टन धरल्यास मातीचे वजन ३,३७५ टन भरते आणि चार टक्के प्रमाणाने १३५ टन चुना लागतो, म्हणजे दहा टनी ट्रकच्या सुमारे चौदा खेपा. तेवढीच माती काढून तेथे मुरूम भरायचा झाल्यास चारशेहून अधिक खेपा होतात, शिवाय कोठेतरी एखादी टेकडी पोखरली जाते. मुरमाच्या खाणी दूर असलेल्या तालुक्यांत हा फरक निर्णायक ठरतो. याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. चुनखडी भाजून एक टन कळीचा चुना तयार करताना रासायनिक क्रियेतूनच सुमारे ०.७८ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, इंधनाचा धूर वेगळा. वरील एका किलोमीटरसाठी कळीचा चुना वापरल्यास हे प्रमाण सुमारे १०६ टन होते.

४. टक्क्यांचे संशोधन

चुन्यानंतर संशोधकांचे लक्ष औद्योगिक व शेतीजन्य टाकाऊ पदार्थांकडे वळले. त्यामागे सार्थ कारण होते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ येथील औष्णिक केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या राखेचे करायचे काय, हा प्रश्न बिकट होता. केंद्र शासनाने सप्टेंबर १९९९ मध्ये राखेच्या वापराविषयी अधिसूचना काढली आणि पुढे वेळोवेळी ती कडक केली. साखर कारखान्यांच्या परिसरात बगॅसच्या राखेचे ढीग होते. त्यामुळे राख, भाताच्या तुसाची राख, संगमरवराची भुकटी, काथ्याचे तंतू, प्लॅस्टिकच्या पट्ट्या अशा नाना द्रव्यांवर प्रबंध व शोधनिबंध लिहिले गेले.

या लेखनाचा एक ठरीव साचा आढळून येतो. जवळच्या शेतातून माती आणली जाते. ती वाळवून, कुटून, चाळून घेतली जाते. तीत मिश्रक ०, ५, १०, १५, २० टक्के अशा पायऱ्यांनी मिसळले जाते. द्रवमर्यादा, सुघट्यतांक, मुक्त प्रसरण निर्देशांक, प्रॉक्टर घनता, दाबसहनक्षमता आणि सी.बी.आर. या चाचण्या होतात. आलेख वर चढतो, एका बिंदूनंतर खाली येतो, आणि तो बिंदू ‘इष्टतम प्रमाण’ म्हणून जाहीर होतो. शेवटी सदर मिश्रक काळ्या मातीच्या स्थिरीकरणास उपयुक्त असल्याचा निष्कर्ष काढला जातो. या साच्यावर चार आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप मातीच्या ओळखीविषयी आहे. ‘काळी कापसाची माती’ हे एका मातीचे नाव नव्हे, ते मातींच्या एका कुटुंबाचे नाव आहे. यवतमाळची, परभणीची आणि सोलापूरची काळी माती खनिजांनी, चुनखडीच्या खड्यांच्या प्रमाणाने, क्षारांनी व सेंद्रिय द्रव्याने सारखी असेलच असे नाही. मातीतील खनिजे, विनिमयक्षम धनायन आणि सल्फेट यांची नोंद नसेल, तर एका ठिकाणचे इष्टतम प्रमाण दुसऱ्या ठिकाणी लागू पडते की नाही हे सांगताच येत नाही. त्यामुळे निबंधांची संख्या वाढते, परंतु ज्ञान साचत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. मातीत वीस टक्के राख मिसळली की प्रसरण घटते, हे खरे. परंतु त्या मिश्रणात चिकणमातीच वीस टक्क्यांनी कमी झालेली असते. समजा मूळ मातीचा मुक्त प्रसरण निर्देशांक ८० आहे, म्हणजे रॉकेलमध्ये १० घनसेंटिमीटर भरणारी माती पाण्यात १८ घनसेंटिमीटर भरते. तिच्यातील वीस टक्के भाग काढून त्या जागी तेवढेच आकारमान व्यापणारी, मुळीच न फुगणारी कोणतीही भुकटी घातली, तर साध्या गणिताने निर्देशांक ६४ वर येतो. तीस टक्क्यांना तो ५६ होतो. यात कोणतीही रासायनिक क्रिया घडलेली नाही, केवळ विरलीकरण घडले आहे. मग राखेने खरोखर काय साधले हे ठरविण्यासाठी तेवढ्याच प्रमाणात बारीक, निष्क्रिय वाळूची भुकटी घालून समांतर प्रयोग करणे आवश्यक ठरते. असा नियंत्रण-प्रयोग या साच्यात क्वचितच दिसतो. आपल्याकडील कोळशाच्या राखेत चुन्याचे प्रमाण सामान्यतः अल्प असते, त्यामुळे ती स्वतःहून फारशी बांधली जात नाही. तिला चुन्याची किंवा सिमेंटची जोड लागते. ही बाब लक्षात घेतल्यास विरलीकरणाची शंका अधिकच बळावते.

तिसरा आक्षेप मापनाच्या साधनाविषयी आहे. भारतीय मानक २७२० च्या चाळिसाव्या भागात, १९७७ साली, मुक्त प्रसरण निर्देशांकाची चाचणी दिली आहे. दहा ग्रॅम माती एकदा पाण्यात व एकदा रॉकेलमध्ये टाकून चोवीस तासांनी आकारमानांची तुलना करायची, अशी ही सोपी व स्वस्त पद्धत आहे. सोपेपणामुळे ती लोकप्रिय झाली. परंतु केओलिनाइटयुक्त माती पाण्यापेक्षा रॉकेलमध्ये अधिक आकारमान व्यापू शकते व त्यामुळे निर्देशांक ऋणही येतो. श्रीधरन व प्रकाश यांनी २००० साली या मर्यादेकडे लक्ष वेधून वर्गीकरणाची सुधारित रीत सुचविली. तरीही जुना निर्देशांकच एकमेव पुरावा म्हणून वापरण्याची प्रथा चालू राहिली. शिवाय ही चाचणी सैल, सुट्या मातीची आहे. रोलरने दाबलेला थर वरील वजनाखाली किती उचलला जाईल, हे ती सांगत नाही.

चौथा आक्षेप निष्कर्षांच्या एकसुरीपणाविषयी आहे. अमुक मिश्रक अपयशी ठरले, असे सांगणारा निबंध सहसा आढळत नाही. प्रत्येक मिश्रक उपयुक्त ठरत असेल, तर चाचणीची निवड करण्याची क्षमताच संशयास्पद ठरते. शोधनिबंधांची संख्या हा अध्यापकीय बढतीचा निकष झाल्यापासून हा दोष वाढला, असे मानण्यास जागा आहे.

५. ढेकूळ, वाफसा आणि वेळ

प्रयोगशाळेतील नमुना ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि ७६ मिलिमीटर उंचीचा असतो. त्यात चाळलेली माती असते, ती हाताने एकजीव केलेली असते आणि ओल जाऊ नये म्हणून झाकून सात किंवा अठ्ठावीस दिवस ठेवलेली असते. रस्त्यावरील मातीला यातील एकही सुख मिळत नाही.

काळी माती वाळली की तिची दगडासारखी ढेकळे होतात आणि भिजली की तिचा चिखल होतो. ढेकळात चुना शिरत नाही. तो ढेकळाभोवती पांढरा लेप होऊन बसतो आणि आतील माती मूळ स्वभावानेच राहते. चिखलात तर यंत्रच चालत नाही. या दोन टोकांमध्ये ओलीची एक अवस्था असते. शेतकरी तिला ‘वाफसा’ म्हणतो व तीत वखर घालतो. स्थिरीकरणाचे कामही वाफशावरच नीट होते, कारण ढेकूळ फुटून माती मोकळी होण्याची हीच वेळ असते. काळीत हा काळ थोडा असतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. कामाच्या वेळापत्रकात मात्र वाफशाला स्थान नसते. निधी आर्थिक वर्षाच्या अखेरीस खर्ची पडतो आणि काम मार्च ते मे या काळात उरकले जाते. तेव्हा माती सर्वांत कठीण झालेली असते.

रस्तेकामाच्या नियमावलींत ढेकळांच्या आकारावर मर्यादा घातलेली असते, चुन्याच्या शुद्धतेची अट असते, मिश्रण व दबाई यांमधील वेळेचे बंधन असते. भारतीय रस्ते महासभेने २०१० साली सिमेंट, चुना व राख यांनी करावयाच्या स्थिरीकरणासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. तेव्हा नियमांचा अभाव ही अडचण नाही. खेड्यातील रस्त्यावर नांगराने किंवा रोटाव्हेटरने मिसळलेल्या मातीत प्रत्यक्ष किती चुना कोठवर पोहोचला, हे तपासण्याची सवय नाही. उघड्यावर पडलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो, मग त्याची क्रियाशीलता संपते. कागदावर चार टक्के असलेला चुना जमिनीत एका ठिकाणी सात टक्के तर दुसऱ्या ठिकाणी एक टक्का भरू शकतो. अशा विषम मिश्रणाने विषम हालचालींचा मूळ रोग कायम राहतो, प्रसंगी वाढतो. प्रयोगशाळेतील इष्टतम बिंदू एक-दोन टक्क्यांच्या फरकावर ठरविणाऱ्या संशोधनाने क्षेत्रावरील या चढउताराचा विचार न करणे, ही गंभीर उणीव होय.

६. ऋतुचक्राची कसोटी

सी.बी.आर. चाचणीत नमुना चार दिवस पाण्यात बुडवितात. ही एकदाच भिजवण्याची कसोटी आहे. काळी माती मात्र दरवर्षी भिजते आणि दरवर्षी वाळते. स्थिरीकृत माती दहा पावसाळे व दहा उन्हाळे सोसून कशी वागते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले असे म्हणता येणार नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. एम. राव आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चुन्याने स्थिर केलेल्या मातीवर आलटून पालटून भिजविण्या-वाळविण्याचे प्रयोग केले. चुन्यामुळे आलेला प्रसरणरोधक गुण या चक्रांत अंशतः नाहीसा होतो, असे त्यांना दिसून आले. तुर्कस्तानातील गुनेय व सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासाचा निष्कर्ष याहून कठोर आहे. चुन्याचा प्रारंभीचा लाभ पहिल्या चक्रानंतर टिकला नाही, उलट पुढील चक्रांत प्रसरणक्षमता वाढली. प्रक्रिया न केलेली माती मात्र काही चक्रांनंतर संतुलनास आली. यावरून चुना टाकाऊ ठरत नाही. पुरेसे प्रमाण, चांगले मिश्रण आणि योग्य मुरवण मिळालेले चुन्याचे थर दीर्घकाळ टिकल्याची उदाहरणे आहेत. परंतु अठ्ठाविसाव्या दिवशीचा आकडा हा टिकाऊपणाचा पुरावा नाही, एवढे या अभ्यासांवरून निश्चित होते. सिमेंट-मातीच्या मिश्रणांसाठी भिजविण्या-वाळविण्याची चाचणी भारतीय मानक ४३३२ मध्ये १९६८ पासून उपलब्ध आहे. साधन असूनही त्याचा वापर टाळला जातो, कारण त्यास वेळ लागतो आणि निकाल बहुधा कमी आकर्षक येतो.

याच संदर्भात मिश्रकेतर उपायांच्या इतिहासातील एक वाद उद्बोधक आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या विवेचनात काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण सुसंगत अशा मातीचा सुमारे एक मीटरचा थर देण्याचे तंत्र मांडले. मातीला न बदलता तिच्यावर योग्य आवरण घालावे, हा त्यामागील विचार होता. कालव्यांच्या अस्तरीकरणात हे तंत्र मोठ्या प्रमाणावर स्वीकारले गेले. पुढे २००० साली भारतीय विज्ञान संस्थेतील के. एस. सुब्बा राव यांनी असे दाखविले की, हा थर पहिल्या प्रसरणात प्रभावी ठरतो, परंतु फुगण्या-आकसण्याच्या पुढील चक्रांत त्याचा प्रभाव घटतो. सतत पाणी वाहणाऱ्या कालव्याखालील ओल आणि घराखालील बदलती ओल यांत फरक आहे, हे ध्यानात घेतल्यास या आक्षेपाचे मर्म कळते. या वादाचे महत्त्व निकालापेक्षा पद्धतीत आहे. एका संशोधकाने ठाम सिद्धान्त मांडला, दुसऱ्याने तो ऋतुचक्राच्या कसोटीवर घासून पाहिला, आणि त्यातून दोघांच्याही कामाचा अर्थ अधिक स्पष्ट झाला. मिश्रकांच्या संशोधनात असा संवाद अपवादानेच आढळतो.

७. सल्फेटचा धोका

मिश्रकाने माती सुधारेल, फार तर सुधारणार नाही, असे गृहीत धरले जाते. ती बिघडूही शकते, हा तिसरा पर्याय विचारातच घेतला जात नाही. अमेरिकेतील लास व्हेगास शहरातील स्टुअर्ट ॲव्हेन्यू या रस्त्याचे उदाहरण स्थापत्यशास्त्रात प्रसिद्ध आहे. चुन्याने स्थिर केलेल्या थरावरील हा रस्ता काही काळाने ठिकठिकाणी उचलला गेला. जे. के. मिचेल यांच्या १९८६ च्या लेखामुळे आणि हंटर यांच्या १९८८ च्या विश्लेषणामुळे त्याचे कारण सर्वांसमोर आले. मातीतील सल्फेट, चिकणमातीतील ॲल्युमिना, चुन्याचा कॅल्शियम आणि पाणी यांच्या संयोगातून एट्रिंगाइट हे स्फटिक तयार झाले व त्यांच्या वाढीने रस्ता फुगला. म्हणजे फुगणे थांबविण्यासाठी घातलेल्या द्रव्यानेच नवे फुगणे निर्माण केले.

महाराष्ट्राच्या संदर्भात या धोक्याचा विशेष विचार व्हावयास हवा. कालव्याच्या लाभक्षेत्रांत अतिपाण्यामुळे जमिनी क्षारपड व चोपण होतात. चोपण जमीन सुधारण्यासाठी शेतकरी जिप्सम घालतात आणि जिप्सम हे कॅल्शियम सल्फेटच आहे. रस्त्याच्या भरावाची माती अनेकदा लगतच्या शेतातून घेतली जाते. तेव्हा चुना किंवा सिमेंट घालण्यापूर्वी मातीतील विद्राव्य सल्फेट तपासणे अनिवार्य मानले पाहिजे. ठरीव साच्यातील निबंधांत ही तपासणी बहुधा गाळलेली असते. शेतीसाठी गुणकारी ठरलेला उपाय बांधकामासाठी अपायकारक ठरू शकतो, हे मृदाशास्त्र व स्थापत्य या दोन शाखांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय लक्षात येणार नाही.

८. स्थिरीकरण कोणासाठी?

मोठ्या इमारतींना काळ्या मातीची फारशी भीती नसते. त्यांचे वजन मोठे असते व पाया खोलवर नेण्याची आर्थिक क्षमता असते. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले तळाशी फुगवटा असलेले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, हा या बाबतीतील भरवशाचा उपाय आहे. खोल काळ्या मातीत हे खांब साधारणतः साडेतीन मीटर खोल, म्हणजे ऋतूनुसार ओल बदलणाऱ्या थराच्या खाली नेतात. हा उपाय मातीला बदलत नाही, तिच्या हालचालीच्या पलीकडे जाऊन आधार शोधतो.

हलक्या, एकमजली घराच्या पायाखालील दाब मात्र अनेकदा मातीच्या प्रसरणदाबापेक्षा कमी असतो, म्हणून तेच घर सर्वाधिक हलते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात मैदानी प्रदेशातील घरासाठी १,२०,००० रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. एवढ्या रकमेत साडेतीन मीटर खोल खांबांची अपेक्षा धरणे कठीण आहे. जागा निवडण्याची मोकळीकही अशा कुटुंबाला नसते. शंभर-दीडशे निबंधांनी सिद्ध केलेली इष्टतम टक्केवारी या घरापर्यंत पोहोचत नाही, कारण पायाच्या अरुंद चरात चुना एकजीव मिसळण्याचे साधन गवंड्याजवळ नसते, आणि पायाखालचा अर्धा मीटर सुधारला तरी त्याखालील दोन-तीन मीटर माती आपला ऋतू पाळतच राहते.

या घरासाठी पाण्याचे नियमन अधिक परिणामकारक ठरते. जोत्याभोवती बाहेर उतार दिलेला रुंद, अभेद्य पट्टा असावा. छपराचे व मोरीचे पाणी पायाजवळ मुरू न देता दूर न्यावे. पाया काळीऐवजी मुरमाच्या दाबलेल्या गादीवर घ्यावा, जोत्याच्या व लिंटेलच्या पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा द्यावा, भिंतीलगत मोठी झाडे लावू नयेत. हे उपाय जुने आहेत, त्यांत शोधनिबंधाला आवश्यक ते नावीन्य नाही. परंतु ते रोगाच्या कारणावर, म्हणजे ओलीच्या विषम बदलावर, नेम धरतात. रस्त्यांच्या बाबतीतही बाजूच्या चरांची व साइडपट्ट्यांची निगा राखली नाही, तर खालील थरात घातलेला चुना फार काळ तारू शकत नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मिश्रकांचे शास्त्र, विशेषतः चुन्याचे, सैद्धान्तिकदृष्ट्या भक्कम आहे. मुरूम दुर्मीळ असलेल्या भागांत रस्त्यांसाठी त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे.

२. टाकाऊ द्रव्यांवरील बहुतांश संशोधन साचेबद्ध आहे. मातीची पूर्ण ओळख आणि निष्क्रिय भुकटीचा नियंत्रण-प्रयोग यांविना काढलेले इष्टतम प्रमाण स्वीकारार्ह मानू नये. राखेची विल्हेवाट लागणे आणि माती स्थिर होणे ही दोन वेगळी उद्दिष्टे असून एकाची पूर्ती हा दुसऱ्याचा पुरावा नव्हे.

३. भिजविण्या-वाळविण्याच्या चक्रांची चाचणी ही कोणत्याही मिश्रकाच्या मूल्यमापनाची किमान अट असावी. सल्फेटची तपासणी चुना वा सिमेंट घालण्यापूर्वी सक्तीची असावी.

४. महाविद्यालयीन संशोधनाला येथे एक चांगली संधी आहे. नव्या द्रव्याचा शोध घेण्यापेक्षा परिसरातील आधीच स्थिरीकृत केलेल्या एखाद्या रस्त्याचा पाच-सात वर्षे सलग अभ्यास करणे अधिक मोलाचे ठरेल. थरातील चुन्याचे प्रत्यक्ष प्रमाण, ऋतूनुसार बदलणारी ओल आणि पृष्ठभागाची उंची यांच्या नोंदी ठेवण्यास महागडी साधने लागत नाहीत. मृदाशास्त्र, भूगोल, रसायनशास्त्र आणि स्थापत्य या विभागांनी एकत्र येऊन हे काम करता येईल. अयशस्वी ठरलेल्या प्रयोगांनाही नियतकालिकांनी स्थान द्यावे.

५. लहान घरांच्या बाबतीत मिश्रकांपेक्षा पाण्याच्या नियमनाला प्राधान्य द्यावे आणि शासकीय घरकुलांच्या आराखड्यांत काळ्या मातीवरील जोत्याचा व निचऱ्याचा खर्च स्वतंत्रपणे धरावा.

काळी माती हा बांधकामातील दोष समजून तिला औषध देण्याची दृष्टी अपुरी आहे. तीच माती या प्रदेशाचा कापूस व ज्वारी पिकविते, आणि पाणी धरून ठेवण्याचा जो गुण पिकाला तारतो तोच भिंतीला तडा देतो. हा स्वभाव मान्य करून, वर्षाच्या बाराही महिन्यांत तो पारखून केलेले स्थिरीकरणच टिकाऊ ठरेल.